ठराव क्रमांक ७: आमच्या शाळेत दहा टॅब आले त्याची गोष्ट

गेल्या महिन्याभरात चार शाळांमधून फोन आले. प्रश्न एकच, "मॅडम, तुम्ही टॅबचं कसं केलंत?" चौघांनाही मी तेच सांगितलं आणि प्रत्येक वेळी काहीतरी सांगायचं राहिलंच. म्हणून आता पहिल्यापासून, तारीखवार लिहून काढते. कागद कोणते लागले, पैसे किती गेले, वेळ कुठे वाया गेला, सगळं. ज्याला जे उपयोगाचं वाटेल ते त्याने उचलावं.

आधी शाळा कशी ते. बीड जिल्ह्याचा डोंगरपट्टा, पहिली ते चौथी, द्विशिक्षकी, पट ४१. एक खोली स्लॅबची, एक पत्र्याची. मी आणि एक सर. मुख्याध्यापकपदाचा प्रभार माझ्याकडे, म्हणजे वर्ग दोन आणि नोंदवह्या बावीस. गाव ऊसतोडीचं. दसरा झाला की मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली कुटुंबं हलायला लागतात. दिवाळीनंतर निम्मं गाव पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर असतं आणि मार्च-एप्रिलमध्ये परततं. आमच्याकडे कुठल्याही कामाचं वेळापत्रक या येण्याजाण्यावर ठरतं, टॅबचंही तसंच झालं.

मी तंत्रस्नेही शिक्षक वगैरे अजिबात नाही. जून २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या गुणवत्तेच्या कार्यक्रमाचा शासन निर्णय आला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत लोकवर्गणीतून शाळा डिजिटल करायची लाट उसळली. ठाणे जिल्ह्यातल्या पाष्टेपाड्याच्या डिजिटल शाळेचे व्हिडिओ तेव्हा आम्ही सगळ्यांनी पाहिले. त्या लाटेत आमच्याकडेही एक प्रोजेक्टर आला. वर्षभराने त्याचा दिवा गेला, नव्याची किंमत सात हजार सांगितली, तेव्हापासून तो कपाटावर बसून आहे. पंधरा ऑगस्टच्या पताका आम्ही त्याच्यावर ठेवतो. त्यामुळे टॅबचा विषय सरांनी पहिल्यांदा काढला तेव्हा मी सरळ "नको" म्हणाले होते.

जून २०२२. शाळा १५ तारखेला उघडली आणि आठवडाभरात आम्ही तिसरी-चौथीच्या १७ मुलांचं वाचन घेतलं. त्यातल्या ११ जणांना चार ओळींचा उतारा वाचता येईना. यात मुलांचा काय दोष? तिसरीतली मुलं जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेली. पहिलीचा वर्ग त्यांनी पाहिलाच नाही. दुसरीत १ डिसेंबर २०२१ ला शाळा सुरू झाली, जानेवारीत पुन्हा काही दिवस बंद. म्हणजे तिसरीत बसलेल्या मुलाच्या गाठीशी जेमतेम पाच महिन्यांची शाळा.

सर तेव्हा स्वतःच्या फोनवर एकेका मुलाचं वाचन रेकॉर्ड करून त्यालाच ऐकवायचे. मी पाहत होते. एका मुलाने स्वतःचं वाचन ऐकलं, मध्येच "थांबा सर" म्हणाला आणि चुकलेला शब्द पुन्हा वाचला. आम्ही दहा वेळा सांगून जे झालं नव्हतं ते त्याने आपणहून केलं. पण फोन एकच. त्यात रेकॉर्डिंग चालू असताना सरांच्या सासऱ्यांचा फोन यायचा. तेव्हा मी म्हटलं, चला, बघू या टॅबचं.

१९ जुलैला शाळा व्यवस्थापन समितीची बैठक घेतली. एक जण म्हणाले, "लेकरं फोडतेत मॅडम ते. दोन दिसात काच जाईल." दुसऱ्यांना वाटलं, मुलं त्याच्यावर गेमच खेळत बसतील. घरोघरी फोनचा जो त्रास आहे तो पाहता त्यांचं चूक नव्हतं. तासभर चर्चा होऊन ठराव झाला: "शाळेसाठी टॅब खरेदी करण्यास सर्वानुमते मंजुरी." मी खूश. ठरावाची प्रत जोडून ना हरकत मिळावी म्हणून तालुक्याच्या शिक्षण कार्यालयाला अर्ज दिला. बारा दिवसांनी कागद परत. किती टॅब, खर्चाची तरतूद कशातून, आल्यावर जबाबदारी कोणाची, यातलं काहीच मी लिहिलं नव्हतं.

पोळ्याच्या तीन-चार दिवस आधी, २३ ऑगस्टला पुन्हा बैठक घेतली. त्या दिवशी झाला तो ठराव क्रमांक ७. त्यात असं सगळं लिहिलं: दहा टॅब, अंदाजे खर्च, रक्कम लोकसहभाग आणि देणगीतून, देणगी वस्तुरूपातही स्वीकारता येईल, नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत, ताबा मुख्याध्यापकाकडे, सुट्टीत ठेवण्याची जागा अमुक. शेवटचं वाक्य अध्यक्षांनी घालायला लावलं: "हाताळताना नुकसान झाल्यास विद्यार्थी वा पालक यांच्याकडून भरपाई घेतली जाणार नाही." पुढे याच वाक्याने पालकांची भीती गेली. तुमच्या ठरावात ते जरूर घाला. गणपूर्तीच्या सह्या त्याच दिवशी घ्या. नंतर सहीसाठी शेतात फिरावं लागतं, मी फिरले आहे.

आता पैसे. एका विश्वस्त संस्थेने सहा टॅब देण्याची तयारी दाखवली. त्यांना लागलेले कागद: ठरावाची प्रत, ना हरकत पत्र, यूडायस (शाळेचा सरकारी ओळख) क्रमांक, पटाचा गोषवारा, समितीच्या बँक खात्याच्या पासबुकाची प्रत, वर्गखोल्यांचे फोटो आणि एक पानभर "टॅबचा उपयोग कसा करणार". या पानावर मी आधी खूप मोठमोठं लिहिलं, एकविसाव्या शतकातली कौशल्ये वगैरे. सरांनी वाचलं आणि म्हणाले, "मॅडम, हे आपण कधी करणार?" मग फाडून नवं लिहिलं: १७ मुलं, त्यातली ११ वाचत नाहीत, रोज प्रत्येकाचं दोन मिनिटं वाचन रेकॉर्ड करायचं आहे. संस्थेकडून भेटीला आलेल्या बाईंनी त्याच ओळीवर बोट ठेवून प्रश्न विचारले.

ना हरकत मिळायला २३ दिवस लागले. संस्थेची मंजुरी यायला नोव्हेंबर संपला. या मधल्या काळात आम्ही लोकवर्गणी गोळा केली, आणि इथे मला थोडं वेगळं सांगायचं आहे. अध्यक्ष म्हणाले, "उचल हातात हाय तवर मागा. फडावर गेल्यावर कोण देतंय?" व्यवहाराने बरोबर. पण उचल म्हणजे पगार नव्हे, पुढच्या सहा महिन्यांच्या घामावर घेतलेलं कर्ज. त्यातून शाळेने वर्गणी घ्यायची हे माझ्या मनाला पटेना. शेवटी असं ठरलं की ऊसतोडीला जाणाऱ्या घरातून दोनशेच्या वर घ्यायचं नाही आणि कोणी नाही म्हटलं तर दुसऱ्यांदा जायचं नाही. तरी एका कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने, पाचशे दिले. मी तीनशे परत केले तर त्या बाईला राग आला. ते तीनशे अजून मनात खुपतात.

हिशेब असा. आठ इंची, फक्त वायफायचे दहा टॅब, जीएसटी धरून प्रत्येकी ९,६०० म्हणजे ९६,०००. कव्हर आणि काचेवरची फिल्म ४,२००. मेमरी कार्ड ४,८००. दोन एक्स्टेंशन बोर्ड १,१००. इंटरनेटचा डोंगल १,९००. इन्व्हर्टर बॅटरीसह १९,५००. एकूण १,२७,५००. त्यातले सहा टॅब, म्हणजे ५७,६००, संस्थेकडून वस्तुरूपात. इन्व्हर्टर ग्रामपंचायतीकडून. लोकवर्गणी ३१,३५०, आम्हा दोघा शिक्षकांचे मिळून १०,०००, पुण्यात नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याचे ५,०००. उरलेले ४,०५० समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या संयुक्त शाळा अनुदानातून. ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५,००० ची तरतूद असते, त्यात खडूपासून सगळं बसवावं लागतं, म्हणून याहून जास्त त्याला हात लावला नाही. डोंगलचा महिन्याचा रिचार्ज यात नाही. तो आम्ही आळीपाळीने खिशातून भरतो.

टॅब स्वस्तातले घेऊ नका असं सगळे सांगतात. मी म्हणेन, रॅम किती हे पाहा, कॅमेरा आणि माइक दुकानात चालवून पाहा, बाकी चकचकाट सोडा. २०११ मध्ये 'आकाश' टॅबलेटचा केवढा गाजावाजा झाला होता ते आठवतं. तो स्वस्त होता, पण पडद्यावर बोट दाबून दाबून दुखायचं.

इन्व्हर्टरसाठी ग्रामपंचायतीचा होकार ऑक्टोबरमध्येच मिळाला होता. नोव्हेंबरात निवडणुकीची आचारसंहिता लागली. १८ डिसेंबरला राज्यभर सात हजारांवर ग्रामपंचायतींचं मतदान झालं, मी स्वतः दुसऱ्या गावात केंद्रावर ड्युटीला होते. आमच्या गावात नवीन सरपंच आले. जुन्यांनी दिलेला होकार नव्यांना पुन्हा समजावून सांगायचा हे ओघाने आलंच. इन्व्हर्टर फेब्रुवारीत बसला. गावाच्या निधीतून काही घ्यायचं असेल तर निवडणुकीचं वर्ष आहे का ते आधी बघा.

टॅब ११ जानेवारी २०२३ ला आले. तोवर पटावरच्या ४१ पैकी वर्गात २६ मुलं. बाकीची आईबापांबरोबर फडावर. जी मागे राहिली त्यातली काही आजीकडे, काही हंगामी वसतिगृहात जेवणारी. जाणाऱ्यांच्या हाती शिक्षण हमी कार्ड दिलं होतं, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता यावं. किती जण बसले ते एप्रिलमध्ये त्यांच्या वाचनावरून कळलं.

खोके उघडायच्या आधी नोंद. तालुक्याने पाठवलेल्या तक्त्यात प्रत्येक टॅबचा आयएमईआय, म्हणजे सिमवाल्या फोनचा ओळख क्रमांक, मागितला होता. आमचे टॅब बिनासिमचे, त्यांना तो क्रमांकच नसतो, फक्त अनुक्रमांक असतो. हे मला माहीत नव्हतं. मी दोन दिवस खोक्यावर, सेटिंगमध्ये शोधत बसले. मग दोन खेपा तालुक्याला. शेवटी रकान्यात "लागू नाही, अनुक्रमांक सोबत" असं लिहून दिलं आणि ते चाललं. पहिल्याच दिवशी चाललं असतं. आणखी एक: देणगीत वस्तू मिळाली तरी बिलाची प्रत देणाऱ्याकडून मागून घ्या. बिल त्यांच्या नावावर असतं, आणि दुरुस्तीला नेलं की दुकानदार पहिल्यांदा तेच मागतो.

दुसरी चूक माझी. दहाही टॅबवर मी माझंच खासगी गुगल खातं टाकलं. दुसऱ्या दिवशी चौथीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही लग्नात लई भारी दिसताय." माझ्या भाचीच्या हळदीचे सगळे फोटो दहा टॅबवर उतरले होते. शाळेच्या नावाने वेगळं खातं काढा, त्याचा पासवर्ड नोंदवहीच्या शेवटच्या पानावर लिहा आणि ओटीपी कोणाच्या फोनवर येणार ते ठरवा. बदली झाली की तो फोनही जातो.

आता प्रशिक्षण. इथे मला कबुली द्यायची आहे. दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचं 'निष्ठा' नावाचं शिक्षकांचं ऑनलाइन प्रशिक्षण, पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानाचे बारा कोर्स, मी पूर्ण केले होते. बाराही प्रमाणपत्रं माझ्याकडे आहेत. पण पहिले चार-पाच कोर्स मी भाकरी थापताना फोन ओट्यावर उभा करून "पाहिले". व्हिडिओ चालू, मी चुलीशी. शेवटच्या चाचणीत ७० टक्के मिळवायचे तेवढे मिळवले. मजकूर चांगला होता, हे मला नंतर पुन्हा बसून पाहिल्यावर कळलं. त्यामुळे टॅबवर शिक्षकांनी काय शिकायचं, याची मला जरा शंकाच होती.

२० आणि २१ जानेवारीला केंद्रशाळेत, म्हणजे आसपासच्या शाळांच्या मुख्य शाळेत, आमच्याच टॅबवर कार्यशाळा झाली. केंद्रातले १४ शिक्षक, डाएटच्या, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या, एक अधिव्याख्याता. पहिला दिवस ॲप उतरवण्यात, पासवर्ड विसरण्यात आणि रेंजसाठी गच्चीवर जाण्यात गेला. उपयोगी म्हणाल तर दोन गोष्टी मिळाल्या. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षावरचे व्हिडिओ आधीच टॅबमध्ये उतरवून ठेवता येतात, मग वर्गात रेंज लागत नाही. आणि टॅबच्या सेटिंगमध्ये एकच ॲप पडद्यावर पिन करून ठेवायची सोय असते, म्हणजे मूल दुसरीकडे जात नाही. दुसरी सोय आम्हा चौदा जणांत कोणालाच माहीत नव्हती, आणि त्यातले तिघे तंत्रस्नेही म्हणून सत्कार झालेले.

दुसऱ्या दिवशी डाएटच्या मॅडमनी ॲपचं नावच काढलं नाही. म्हणाल्या, जोड्या करा, केंद्रशाळेच्या मुलांना पाच मिनिटं शिकवा, जोडीदार टॅबवर चित्रण करेल. मी हातच्याची वजाबाकी घेतली. छान झाली असं मला वाटलं. मग त्यांनी कागद दिला आणि सांगितलं, स्वतःचाच व्हिडिओ पाहा, कोपऱ्यात बसून, एकटीने. तुम्ही किती प्रश्न विचारलेत आणि त्यातल्या किती प्रश्नांची उत्तरं तुम्हीच दिलीत ते मोजा.

पाच मिनिटांत २२ प्रश्न. १७ उत्तरं माझी. प्रश्न संपतो न संपतो तोच मी उत्तर देत होते. "दशकाच्या घरातून किती घेतला? एक घेतला. मग इथे किती राहिले? चार राहिले." मुलं नुसती माझ्यामागून ओढत म्हणत होती, "राहिलेऽऽ". आणि पूर्ण वेळ माझं तोंड वर्गाच्या उजव्या बाजूला. डावीकडच्या सहा मुलांकडे मी एकदाही पाहिलं नाही. सोळा वर्षं नोकरी झाली, कोणी सांगितलं नव्हतं. कोण सांगणार, वर्गात दुसरं मोठं माणूस असतं कुठे? तपासणीला साहेब येतात तेव्हा आपण वेगळेच असतो.

मॅडमनी तेव्हा मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंचं काम सांगितलं. १९७० च्या दशकात त्यांनी वर्गातली रेकॉर्डिंग तपासली, तर शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबतात असं दिसलं. तेच तीन सेकंद थांबलं की मुलांची उत्तरं लांबतात, गप्प मुलं बोलायला लागतात. तीन सेकंद म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. उद्या वर्गात थांबून बघा. दुसऱ्या सेकंदाला जीभ वळवळायला लागते.

त्या दिवशी ठरलेला एक नियम मी सगळ्यांना सांगते: कोणाचाही पाठाचा व्हिडिओ कुठल्याही ग्रुपवर टाकायचा नाही. ज्याचा त्याने पाहायचा, वाटलं तर जोडीदाराला दाखवायचा आणि पुसून टाकायचा. हा नियम नसता तर मी त्या कोपऱ्यात २२ मधल्या १७ चा आकडा खरा लिहिला नसता. मुलांच्या चेहऱ्यांचंही तेच. पालकांची लेखी संमती आम्ही घेतली आहे, तरी मुलांचे व्हिडिओ टॅबबाहेर जात नाहीत.

२६ जानेवारीला नव्या सरपंचांच्या हस्ते टॅबचं लोकार्पण झालं. मुलांनी टॅब छातीशी धरून फोटो काढले आणि दहा मिनिटांत ते पुन्हा कपाटात गेले. चार्जच केलेले नव्हते.

वर्गात खरं काम ३० जानेवारीला सुरू झालं. तीन मुलांत एक टॅब. प्रत्येकाला एक हवा हा हट्ट आम्ही सुरुवातीलाच सोडला, आणि बरं झालं. तिघांत एक असला की एक वाचतो, एक धरतो आणि एक चुका काढतो. चुका काढणाऱ्याचंच वाचन जास्त सुधारतं, असं माझं निरीक्षण आहे. मुलाचं वाचन ऐकून दुरुस्ती सांगणारं एक ॲपही आम्ही टाकलं. ऑफलाइन चालायचं, गोष्टी गोड. अडचण दोन. वर्गात आठ टॅब एकदम बोलायला लागले की माइकला काहीच कळेना. मग गट पांगवले: दोन लिंबाखाली, दोन व्हरांड्यात, एक खिचडीच्या शेडमागे. दुसरी अडचण भाषेची. आमची मुलं "पानी" म्हणतात. ॲप कधी ते मान्य करायचं, कधी नाही. एक मुलगी चार वेळा "पानी" म्हणाली आणि टॅब खाली ठेवून मला विचारलं, "मॅडम, आमच्या घरचं पानी खोटं हाय का?" त्या दिवसापासून ते ॲप आठवड्यातून दोनदाच. बाकी दिवस नुसता व्हॉइस रेकॉर्डर.

कॅमेऱ्याने मात्र मजा आणली. चौथीला कोन शिकवत होते. पाठ्यपुस्तकातलं चित्र सोडलं आणि मुलांना म्हटलं, गावातून पाच काटकोन पकडून आणा. अर्ध्या तासात दाराच्या चौकटी, विहिरीचा कठडा, मारुतीच्या देवळाची पायरी, बैलगाडीची साटी, आणि एका मुलाने झोपलेल्या आजोबांचा दुमडलेला गुडघा आणला. तो काटकोन आहे की नाही यावर वर्गात जी भांडणं झाली! शेवटी कागदाची घडी घालून पडद्यावर ठेवून पाहिली. नव्वदाला थोडा कमी होता.

परिसर अभ्यासात म्हाताऱ्या माणसांना बाहत्तरच्या दुष्काळाबद्दल विचारायला पाठवलं. सुकडी, मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी), खडी फोडायची कामं. मुलांनी वीस-वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग आणलं. एका आजींनी मिलोच्या भाकरीची चव सांगताना जे शब्द वापरले ते मी इथे लिहू शकत नाही, पण मुलांना पाठ झाले आहेत.

आणि फडावर गेलेली मुलं. वर्गातल्या मुलांनी कविता म्हणून रेकॉर्ड केल्या, मी त्यांच्या आयांच्या फोनवर पाठवल्या. आवाजच, चेहरे नाहीत. पंधरापैकी सहा फोन लागत होते. एकीने परत पाठवलेल्या आवाजात मागे मोळी टाकल्याचा आवाज येत होता आणि मुलगा कवितेचं दुसरं कडवं म्हणत होता. पहिलं तो विसरला होता.

१४ ते २० मार्च जुन्या पेन्शनसाठी सरकारी कर्मचाऱ्यांचा संप. मी संपात होते. सात दिवसांनी पाहिलं तर चार टॅब पार उतरलेले. बंद न करताच ठेवले होते. आता नियम आहे: शनिवारी सुटताना सगळे बंद करायचे आणि निम्म्या चार्जवर ठेवायचे. चार्जिंगची जबाबदारी चौथीच्या दोघांकडे, पाटीवर खडूने कोणता टॅब किती टक्के ते लिहितात. टक्केवारी शिकवायला वेगळा पाठ लागला नाही. रात्री टॅब कुठे ठेवायचे हा प्रश्न पहिले दोन महिने मी असा सोडवला की दहाही पिशवीत भरून स्कूटीवर ११ किलोमीटर घरी न्यायचे. असं करू नका. २९ मार्चला पिशवीचा बंद तुटला आणि सहा नंबरचा टॅब दारातच पडला. आठ महिने सगळे "लेकरं फोडतेत" म्हणत होते, फोडला तो मी. काच ३,२००, दुरुस्तीला १९ दिवस, पैसे माझे. एप्रिलमध्ये ग्रामपंचायतीने स्लॅबच्या खोलीच्या खिडकीला जाळी आणि कपाटाला आडवी पट्टी लावून दिली, तेव्हा माझी ने-आण थांबली.

एप्रिलच्या शेवटी पुन्हा वाचन घेतलं. जूनमधल्या अकरापैकी चार जण हंगामात फडावर होते, ते जवळपास जिथे होते तिथेच. उरलेल्या सातपैकी सहा जण उतारा वाचतात, दोघे अडखळत. हे टॅबमुळे झालं असं मी म्हणणार नाही. त्याच महिन्यांत शाळा सुटल्यावर आम्ही रोज पाऊण तास जास्त बसत होतो, आणि काही मुलं तशीही वाचायला लागलीच असती. ज्यांनी फोनवर "किती टक्के फरक पडला?" असं विचारलं त्यांना मी हेच सांगितलं. त्यांना ते फारसं आवडलं नाही. माझ्यापुरतं मोजता येतं ते एवढंच: मार्चमधल्या शेवटच्या पाठात माझे प्रश्न ९ आणि मीच दिलेली उत्तरं ३. सर फळ्याकडे तोंड करून बोलायचे, तेही निम्म्याने कमी झालं आहे. आम्ही दर पंधरा दिवसांनी एकमेकांचे पाच मिनिटं चित्रण करतो. रविवारी आपापला पाहतो. कधी कधी पाहायचं टाळतोही.

उन्हाळ्याची सुट्टी २ मेपासून. ठरावाप्रमाणे टॅब स्लॅबच्या खोलीतल्या कपाटात. पण मोजताना घाईत नऊच ठेवले गेले. नऊ नंबरचा पत्र्याच्या खोलीत, टेबलाच्या खणात राहिला. १५ जूनला शाळा उघडली तेव्हा त्याची पाठ फुगून वर आलेली. बॅटरी गेली होती. फुगलेली बॅटरी चार्जला लावायची नाही, दाबायची नाही, हे तरी मला माहीत होतं. वाळूच्या घमेल्यात ठेवून दिला.

सरकारी दप्तरी वस्तू निकामी झाली म्हणून टाकून देता येत नाही. तिचं निर्लेखन करावं लागतं, म्हणजे नोंदवहीतून रीतसर कमी करावी लागते. समितीचा ठराव, नोंदवहीतल्या पानाची प्रत, विहित नमुना. नमुन्यात एक रकाना आहे, "वस्तू निकामी होण्याचे कारण". मी खरं ते लिहिलं: मे महिन्यातील पत्र्याखालील उष्णता व मुख्याध्यापकाचे दुर्लक्ष. प्रस्ताव परवा परत आला. कारण मान्य आहे, पण वस्तू दुरुस्त होण्यासारखी नाही असा तंत्रज्ञाचा दाखला सोबत हवा. शनिवारी सकाळची शाळा असते, अकराला सुटते. तेव्हा घमेल्यासकट जाऊन येईन.